ओळंब्यावर उभी डिश

"आला का?"

"नाही."

"आता?"

"आला, आला... गेला! मागं घे जरा!"

एक जण पत्र्यावर पाना घेऊन, दुसरा खाली टीव्हीसमोर आणि तिसरा जिन्यात उभा राहून दोघांचे निरोप पोचवणारा. गिरगाव-लालबागच्या चाळींपासून कफ परेडच्या मच्छीमार नगरापर्यंत हा संवाद दोन पिढ्यांनी ऐकला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा तो ॲल्युमिनियमच्या काड्यांच्या अँटेनासाठी व्हायचा. अँटेनाचे तोंड साधारण वरळीच्या मनोऱ्याकडे वळवले की पुरे. चार बोटे इकडे-तिकडे झाली तर चित्रात थोड्या मुंग्या यायच्या, पण बातम्या दिसायच्या. डिश तेवढी दयाळू नाही.

डीटीएचची साधी, साठ सेंटिमीटरची डिश घेऊ. तिची एक कड समोरच्या कडेच्या मानाने एक सेंटिमीटर पुढे-मागे झाली तर डिशचा नेम जवळजवळ एक अंशाने चुकतो. उपग्रह मुंबईपासून सुमारे ३७,००० किलोमीटरवर, त्यामुळे कडेवरचा हा एक सेंटिमीटर तिकडे साडेसहाशे किलोमीटरचा होतो. मुंबईहून नागपूर सरळ रेषेत जवळपास तेवढेच आहे. या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, त्यातही मधला भागच कामाचा. ही झाली एका जागी बोल्ट आवळून कायमची बसवलेली डिश. एकाच डिशला मोटर लावून या उपग्रहावरून त्या उपग्रहावर न्यायची म्हटली, तर नेम एकदा साधून भागत नाही. तो आभाळातल्या सगळ्या कमानभर साधावा लागतो.

या कामात हात पोळलेला प्रत्येक जण शेवटी एकाच निष्कर्षाला येतो. मोटर हा या खेळातला सर्वांत सोपा भाग आहे. सगळे अवघडपण खांबात आहे.

उपग्रह कमानीतच का असतात, हे आधी पाहू. पृथ्वीच्या विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एखादी वस्तू फिरत ठेवली, तर तिची एक फेरी आणि पृथ्वीची एक गिरकी यांना सारखाच वेळ लागतो. खालून पाहणाऱ्याला ती एका जागी टांगल्यासारखी वाटते. आर्थर क्लार्कने १९४५ मध्ये एका ब्रिटिश रेडिओ मासिकात ही कल्पना मांडली. आज टीव्हीचे बहुतेक उपग्रह या एकाच कड्यावर दोन-दोन, तीन-तीन अंशांच्या अंतराने बसलेले आहेत. त्यांचे पत्ते रेखांशात सांगतात. दूरदर्शनची फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरून येते. टाटांच्या डीटीएचचे घर ८३ अंशांवर. स्टारच्या वाहिन्या कित्येक वर्षे १०५.५ अंशांवरून उतरत होत्या. केबलवाल्यांच्या ओळखीचे इंटेलसॅट मालिकेतले दोन उपग्रह ६६ आणि ६८.५ अंशांवर आहेत.

मच्छीमार नगर १८.९ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथून पाहिले तर उपग्रहांचे हे कडे दक्षिणेच्या आभाळात इंद्रधनुष्यासारखे वाकलेले असते. बरोबर दक्षिणेला कमानीचा माथा क्षितिजापासून जवळजवळ ६८ अंश वर, म्हणजे मान चांगलीच मागे टाकावी लागेल इतका उंच. तिथून कमान दोन्ही बाजूंना उतरत जाते. ८३ अंशांचा उपग्रह ६५ अंश उंचीवर, ९३.५ चा साडेसत्तावन्न अंशांवर आणि १०५.५ चा ४७ अंशांच्या जरा खाली. दिशा मात्र उंचीपेक्षा झपाट्याने बदलते. ८३ चा उपग्रह दक्षिणेकडून २९ अंश पूर्वेला सरकलेला, तर १०५.५ चा ६३ अंश. भारतातल्या डीटीएच कंपन्यांचे उपग्रह ८३ ते १०८ अंशांच्या दरम्यान असल्यामुळे मुंबईतल्या बहुतेक छोट्या डिशांची तोंडे आग्नेयेकडे असतात. अनोळखी गल्लीत दिशा हरवली तर खिडक्यांवरच्या डिशा पाहाव्यात. होकायंत्राचे काम भागते.

पण या डिशा उंचीच्या बाबतीत फसवतात. त्या पाहून वाटते, ही तर समोरच्या बिल्डिंगकडेच बघते आहे. छोटी डिश म्हणजे मोठ्या वाटीचा एका बाजूने कापलेला तुकडा असतो आणि तिचा एलएनबी, म्हणजे सिग्नल झेलणारा डबा, खालच्या कडेसमोर येतो. त्यामुळे तिचा नेम तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असतो. साडेसत्तावन्न अंशांवरचा उपग्रह पकडणारी डिश प्रत्यक्षात तेहतीस-पस्तीस अंशांनीच मागे रेललेली दिसते. सी बँड या लांब लहरींच्या पट्ट्यासाठीच्या जुन्या आठ फुटी, बारा फुटी गोल डिशांत असा भुलभुलैया नव्हता. त्यांचा एलएनबी मधोमध टांगलेला असे आणि डिश जिकडे तोंड करील तिकडेच पाही.

डिशपुढे काय आडवे येते याचा हिशेबही याच कोनांवरून निघतो. १०५.५ च्या उपग्रहासाठी एखादी इमारत जेवढी उंच, जवळपास तेवढ्याच अंतरापर्यंत तिच्या वायव्येची डिश आंधळी होते. कफ परेडचे वर्ल्ड ट्रेड सेंटर १५६ मीटर उंच आहे. त्याच्या वायव्येला दीडशे मीटरच्या आत कुणी डिश लावली, तर त्या उपग्रहाऐवजी सिमेंट दिसेल. मच्छीमार नगराचे दैव पश्चिमेला आहे. बॅक बेचे पाणी तिकडे मोकळे पसरले असल्यामुळे आफ्रिका आणि अरबस्तानाच्या रेखांशांवर टांगलेल्या उपग्रहांच्या आड इमारती येत नाहीत. २६ अंश पूर्वेवरचा अरब देशांचा उपग्रह इथून ३३ अंश उंचीवर असतो. मात्र उपग्रह नजरेच्या टप्प्यात असणे वेगळे आणि त्याने आपल्याकडे झोत टाकलेला असणे वेगळे. त्या उपग्रहाचे बहुतेक झोत अरब देशांपुरते आखलेले आहेत. डिशवेड्या माणसांचे निम्मे आयुष्य अशा झोतांच्या कडा चाचपण्यात जाते.

भारतात हे वेड शिरले ते १९९१ च्या जानेवारीत. आखाती युद्धाची चित्रे सीएनएनवर थेट दिसत होती आणि मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांनी त्यासाठी डिशा बसवल्या. त्याच वर्षी स्टार टीव्ही आले आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी. दोन्ही एशियासॅट-१ वरून. या उपग्रहाची कुंडलीही चमत्कारिक होती. १९८४ च्या फेब्रुवारीत तो वेस्टार-६ या नावाने अमेरिकेच्या शटलमधून सुटला आणि भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्या शटलच्या अंतराळवीरांनी त्याला पकडून परत आणले. डागडुजी झाली, नवे मालक मिळाले आणि एप्रिल १९९० मध्ये एका चिनी रॉकेटवरून तो पुन्हा वर गेला. मुंबईच्या गच्च्यांवर उगवलेल्या त्या बारा फुटी छत्र्या एका दुरुस्त करून विकलेल्या उपग्रहाकडे पाहत होत्या.

मोटर हा त्या काळी नुसता शौक नव्हता. त्या वर्षांत काही भारतीय वाहिन्यांनी रशियाच्या गोरिझाँत मालिकेतल्या उपग्रहांवर जागा भाड्याने घेतली होती. या उपग्रहांमध्ये उत्तर-दक्षिण डोलणे आवरण्याची सोय नव्हती. त्यामुळे ते एका जागी न राहता दिवसभरात आभाळात बारीकसा आठचा आकडा काढत. सकाळी स्वच्छ दिसणारी वाहिनी संध्याकाळी बर्फाळायची. मग कोणी तरी गच्चीवर जाऊन डिश ढकलायची, नाही तर मोटर लावायची. केबलवाल्याकडे पोरे पुष्कळ असत, म्हणून मोटरा कमी विकल्या गेल्या.

आता खांबाकडे वळू.

डिश दोन तऱ्हांनी फिरवता येते. पहिल्या तऱ्हेत एक मोटर तिला डावी-उजवीकडे नेते आणि दुसरी वर-खाली. तोफ अशीच फिरते. दुसऱ्या तऱ्हेत मोटर एकच, पण ती ज्या अक्षाभोवती डिश फिरवते तो अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा. एवढे साधले की डिश बाजूला फिरता फिरता आपोआप खालीही झुकते आणि कमानीवरून घसरत जाते. याला पोलर माउंट म्हणतात. घरगुती मोटर-डिशा जवळपास सगळ्या याच जातीच्या, कारण दुसऱ्या मोटरचा खर्च आणि दुखणे दोन्ही वाचते.

पृथ्वीच्या अक्षाला समांतर म्हणजे अक्षाचे उत्तरेचे टोक ध्रुवताऱ्याकडे. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश झाकते, म्हणजे ध्रुवाची उंची इथे दोन मुठींना किंचित कमी. अरबी समुद्रातल्या जुन्या नावाड्यांकडे हे मोजायला कमल नावाचे साधन असे: एक लाकडी पाटी आणि तिला गाठी मारलेली दोरी. ध्रुव किती गाठींवर आहे त्यावरून गलबत उत्तरेला किती आले हे कळे. पोलर माउंटवर जो अक्षांश लावायचा, तो हाच कोन.

पृथ्वीच्या अक्षाची ही युक्ती काही डिशवाल्यांनी शोधलेली नाही. तिचे भारतातले सर्वांत भव्य उदाहरण आखले गेले ते मच्छीमार नगरापासून हाकेच्या अंतरावर. कुलाब्याच्या टोकाला नेव्ही नगरात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९६३ मध्ये तिथे रुजू झाले. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ वापरून झालेल्या सहा फुटी ३२ डिशा त्यांनी मिळवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला उभारून सूर्याचा वेध घेतला. पुढे मोठी रेडिओ दुर्बीण बांधायची ठरली, तेव्हा स्वरूप यांनी जागा शोधली ती थेट निलगिरीत. त्यांना असा डोंगरउतार हवा होता, जो उत्तर-दक्षिण पसरलेला असेल आणि ज्याचा चढ त्या जागेच्या अक्षांशाएवढा असेल. ऊटीजवळ ११ अंशांच्या अक्षांशावर ११ अंशांचा उतार सापडला. त्यावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी पन्हळीसारखी दुर्बीण १९७० मध्ये उभी राहिली. डोंगरच तिचा पोलर माउंट. तिच्यावर अकराशे पोलादी तारा ताणल्या आहेत आणि उत्तर-दक्षिण अशा एकाच अक्षाभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरून ती आभाळातली वस्तू साडेनऊ तास धरून ठेवते. पत्र्यावर जो कोन पाना मारून साधतात, तो स्वरूप यांनी डोंगर निवडून साधला.

दुर्बीण आणि डिश यांत एक फरक आहे. तारे इतके दूर, की अक्ष बरोबर असला की काम झाले. उपग्रह त्या मानाने शेजारी. ते विषुववृत्तावर आणि आपण १९ अंश उत्तरेला, त्यामुळे आपल्याला ते जरा खाली, दक्षिणेला ढळलेले दिसतात. डिशला अक्षापासून आणखी थोडी मान खाली घालायला लावावी लागते. मुंबईसाठी हा कोन सुमारे ३.३ अंश. बारकाईने काम करणारे अक्ष अक्षांशापेक्षा किंचित जास्त झुकवतात आणि हा दुसरा कोन तेवढाच कमी करतात. त्यामुळे कमानीची दोन्ही टोकेही नीट जुळतात.

खरे काम सुरू होते ओळंब्यापासून. खांब दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात उभे राहून तपासायचा. पाणसळ असेल तर तीही लावावी, पण गवंड्याचा दोरीला बांधलेला ओळंबा खोटे बोलत नाही. खांब एक अंश कलला तर माउंटवरचे सगळे आकडे कागदावरच राहतात. डिश मधल्या उपग्रहावर उत्तम चालते, पूर्वेला वाहिन्या गळू लागतात आणि माणूस मोटरला शिव्या देतो. पत्र्याच्या घरावर तर खांब पत्र्याला कधीच बांधू नये. माणूस पत्र्यावर चालला तरी तो दबतो आणि डिश नेम सोडते. भिंतीत किंवा कॉलमला ब्रॅकेट ठोकून उभा केलेला दोन इंची जीआय पाइप बरा.

मग खरी दक्षिण शोधायची. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, ही मोठी सवलत. हे मोजमापही इथलेच. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सुया नाचणार म्हणून १९०४ मध्ये हे काम खाडीपलीकडे अलिबागला गेले. ट्रामने वेधशाळेची सुई बिघडते, तर लोखंडी माउंटला टेकवलेल्या मोबाइलच्या होकायंत्राची काय कथा! ते खांबापासून चार-पाच पावले दूर धरून पाहावे आणि समोर दूरवरची एखादी खूण पकडावी.

त्याहून चांगला उपाय फुकट आहे. सूर्य बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येतो, तेव्हा ओळंब्याच्या दोरीची सावली हीच ती रेषा. फक्त तो क्षण घड्याळातल्या बाराला येत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. मुंबईत सूर्य त्यानंतर सरासरी ३९ मिनिटांनी माथ्यावर येतो, म्हणजे १२ वाजून ३९ मिनिटांनी. वर्षभरात हे १२.२२ पासून १२.५३ पर्यंत मागेपुढे होते. मुंबईकरांची स्वतःची 'बॉम्बे टाइम' ही वेळ याच फरकापायी १९५५ पर्यंत तग धरून होती. आणखी एक गंमत अशी, की १५ मेच्या आसपास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत दुपारी सावलीच पडत नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. त्या दिवसांत हा उपाय करणारा माणूस डिश मनोभावे उत्तरेला वळवून बसू शकतो.

दक्षिण सापडली की माउंट तिकडे धरून मोटर शून्यावर ठेवायची आणि पहिला उपग्रह माथ्याजवळचा निवडायचा. मुंबईसाठी ६८.५ अंशांचा सोयीचा आहे, दक्षिणेपासून थोडासाच पश्चिमेला. इथे उंची साधायची. मीटरवर दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलची आणि एक क्वालिटीची. पाहायची दुसरी. पहिली पट्टी कोणत्याही उपग्रहावर, कधी कधी कोणत्याही बिल्डिंगवर चढते. डिजिटल चित्र एक तर येते किंवा येत नाही. आकडा काठावर असेल तर आज दिसणारे चित्र उद्याच्या पहिल्या ढगाला तुटते. म्हणून चित्र आले म्हणून थांबायचे नाही. नेम एका बाजूला नेऊन आकडा पडेपर्यंत बघायचा, मग दुसऱ्या बाजूला, आणि त्या दोहोंच्या मधोमध डिश आणून बोल्ट आवळायचे. आवळताना डिश पुन्हा हलते. म्हणून नट आळीपाळीने, थोडे थोडे.

आता मोटर पूर्वेला न्यायची, १०५.५ किंवा १०८ पर्यंत. तिथे क्वालिटी पडलेली आढळली तर हात उंचीच्या बोल्टकडे जातो आणि इथेच बहुतेकांचा घात होतो. नियम असा: माथ्यावर उंची, टोकांना दिशा. पूर्वेच्या टोकाला डिशची कड दोन बोटांनी हळूच वर उचलून पाहावी. आकडा वाढला, आणि पश्चिमेच्या टोकाला कड खाली दाबल्यावर वाढला, तर अख्खे माउंट पश्चिमेकडे वळलेले आहे. खांबावर ते केसभर पूर्वेला फिरवायचे. पूर्वेला दाबून आणि पश्चिमेला उचलून वाढला तर उलट. दोन्ही टोकांना उचलावेच लागत असेल किंवा दोन्हीकडे दाबावेच लागत असेल, तर अक्षाचा कोन चुकला आहे. आणि काहीच ताळमेळ लागत नसेल तर पुन्हा ओळंबा घ्यावा, कारण खांब कललेला असणार.

केसभर म्हणजे किती? दोन इंची पाइपाच्या अंगावर एक अंश म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणून जाणते लोक पाइपावर आणि माउंटच्या कॉलरवर मार्करने एकच उभी रेघ मारून ठेवतात. माउंट किती फिरले हे त्या तुटलेल्या रेघेवरून दिसते.

इतके झाल्यावर मोटरचे काम खरोखरच सोपे आहे. छोट्या डिशसाठी खांब आणि डिश यांच्यामध्ये बसणारी मोटर मिळते. तिला वेगळी वायर लागत नाही. रिसिव्हरमधून एलएनबीला जाणाऱ्या कोएक्स केबलवरूनच तिला वीज आणि हुकूम दोन्ही मिळतात. ही डायसेकची भाषा युटेलसॅट या युरोपीय संस्थेने घडवली. नंतर एका इटालियन कंपनीने यूसॅल्स नावाची सोय आणली. तिच्यात आपले अक्षांश-रेखांश भरायचे, उपग्रहाचा नंबर निवडायचा, कोन रिसिव्हर काढतो. मच्छीमार नगरासाठी १८.९ उत्तर आणि ७२.८ पूर्व. केबलमधला दाब १३ व्होल्ट असेल तर मोटर रेंगाळते, १८ ला चपळ होते. आठ फुटी डिशला मात्र ही मोटर पेलत नाही. तिला ३६ व्होल्टचा लांब दांड्याचा जॅक लागतो आणि तो किती सरकला हे आतल्या चुंबकाच्या टिकटिकी मोजून ठरते. टिकटिक चुकली की जॅक चालवणाऱ्या पोझिशनरच्या मते डिश एका उपग्रहावर आणि प्रत्यक्षात दोन उपग्रहांच्या मधल्या पोकळीत. पोलर माउंटचा एक फायदा अनेकांना ठाऊक नसतो. प्रत्येक उपग्रहासाठी एलएनबी थोडा पिळावा लागतो, ९३.५ साठी मुंबईत तब्बल ४६ अंश. इथे डिशच अक्षाभोवती कलत जात असल्याने हा पीळ आपोआप मिळतो.

हे सगळे समुद्रापासून दूर. पाण्याकाठी त्यात तीन वैरी वाढतात.

पहिला खारा वारा. बोटीच्या लोखंडाचे जे होते तेच डिशच्या बोल्टांचे. नटावर ग्रीस, कनेक्टरवर सिलिकॉन आणि वर टेप, नाही तर कोएक्सच्या तांब्याला हिरवी बुरशी चढते आणि दोष उपग्रहाला जातो. दुसरा वैरी वाऱ्याचा जोर. ५ ऑगस्ट २०२० रोजी आणि पुन्हा तौक्ते वादळात १७ मे २०२१ रोजी कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले. त्या वेगाला आठ फुटी अखंड डिशवर सुमारे अडीचशे किलोचा रेटा बसतो. सी बँडची लहर साडेसात सेंटिमीटरची असल्यामुळे तिला जाळीची डिश चालते. बारीक भोके तिला दिसतच नाहीत. वारा त्यातून निघून जातो. छोट्या डिशच्या केयू बँडची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर, तिला गुळगुळीत पत्राच लागतो.

तिसरा वैरी पाऊस, आणि तोही त्या लहान लहरीचाच. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि माणसे घरी असतात. नेमक्या त्याच दिवसांत मुसळधार सरीचे टपोरे थेंब केयू बँडचा सिग्नल गिळतात आणि पडद्यावर नो सिग्नलची पाटी झळकते. सी बँडला पावसाचे फारसे काही वाटत नाही. केबलवाल्यांनी गच्चीवरच्या मोठ्या डिशा सोडल्या नाहीत त्यामागे हेही कारण आहे. सी बँडवर अलीकडे दुसरेच संकट आले. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या लिलावात ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या, ३.६७ पर्यंतच्या लहरी फाइव्ह-जी साठी विकल्या गेल्या. टीव्हीचा सी बँड ३.७ पासून सुरू होतो. जवळच्या टॉवरचा आवाज इतका मोठा, की ३७,००० किलोमीटरवरून आलेली कुजबुज एलएनबीला ऐकूच येत नाही. त्यावर उपाय म्हणून एलएनबीच्या तोंडाशी फिल्टर बसवतात.

स्वतःचे स्वतः सगळे करणारी मोटर-डिशही या भागाने पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर रबरी होडीतून उतरले ते मच्छीमार नगराच्याच किनाऱ्यावर. पुढचे तीन दिवस कुलाब्यात वाहिन्यांच्या ओबी व्हॅन उभ्या होत्या. अशा गाडीच्या टपावरची डिश जीपीएसवरून आपली जागा घेते, कलमापकावरून गाडीचा कल मोजते, होकायंत्र पाहते आणि काही मिनिटांत उपग्रहावर जाऊन थांबते. तिला ओळंबा नको, पण तिच्यात दोन-तीन मोटरा असतात आणि किंमत घरगुती डिशच्या शेकडो पट.

घरगुती मोटर-डिश मुंबईत आता हौशी लोकांपुरतीच उरली आहे. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर शहरात केबलही डिजिटल झाले आणि महिन्याच्या भाड्यात शेकडो वाहिन्या घरात आल्या. पण ज्यांना एका उपग्रहावरून दुसऱ्यावर भटकत परदेशी बातम्या, अनोळखी भाषांतली गाणी, क्रिकेटचे कुठले तरी फुकट प्रक्षेपण शोधायचे असते, त्यांना खांबाशिवाय गत्यंतर नाही.

त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा निसर्ग स्वतः परीक्षा घेतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभी सूर्य बरोबर उपग्रहांच्या मागून सरकतो. १०५.५ च्या बाबतीत मुंबईत हे सकाळी दहाच्या सुमारास घडते. सूर्याच्या रेडिओ-गोंगाटात काही मिनिटे चित्र फुटते आणि लोक केबलवाल्याला फोन लावतात. गोल डिशवाल्याने त्या वेळी फोन खाली ठेवून पत्र्यावर चढावे. नेम बरोबर असेल तर एलएनबीची सावली डिशच्या बरोबर मध्यावर पडलेली दिसते. सावली एका बाजूला गेली असेल तर नेम किती चुकला तेही तिथेच दिसते. आणि त्या घडीला डिशवर ऊनच पडत नसेल, तर मध्ये इमारत आहे. मोटर बदलून काही होणार नाही.

बाकी, मेअखेर बोटी वर ओढायची वेळ येते त्याच आठवड्यात पाना घेऊन पत्र्यावर एक फेरी मारावी. कॉलरचे नट, ब्रॅकेटचे बोल्ट, कनेक्टरवरची टेप आणि मार्करची ती रेघ पाहून घ्यावी. रेघ जुळत नसेल तर आधी ओळंबा काढावा.